उपायाचा रकाना

१२ सप्टेंबर

ताई,

तुझा पत्ता आईच्या शिवणाच्या डब्यात सापडला, बटणांच्या खाली. तीन वर्षं ती "मला काय ठाऊक कुठे आहे ती" असं म्हणतेय, आणि पत्ता बटणांखाली! मी बघितला हे तिला सांगू नकोस. सांगशील तरी कशी म्हणा, तू घरचा फोनच घेत नाहीस.

मी अगदी मजेत आहे. सोळावं लागलं. उंचीत आईला मागे टाकलं. आणि महत्त्वाची बातमी म्हणजे मी ढापणी झाले. तू गेल्यापासून घरात ती जागा रिकामी होती, ती मी भरून काढली. वर्गात मला डबल बॅटरी म्हणतात, त्यापेक्षा तुझं ढापणी बरं होतं.

झालं असं की जानेवारीत मला फळ्यावरचं पुसट दिसायला लागलं. बाबांनी दुकानातल्या खुर्चीत बसवलं, ती जडशीळ तपासणीची फ्रेम नाकावर चढवली आणि नेहमीसारखं काच बदलून बदलून विचारलं, "हे बरं, की आधीचं बरं?" आठ दिवसांत चष्मा तयार. चष्मेवाल्याची मुलगी असण्याचा एवढा तरी फायदा. मग मे महिन्यात पुन्हा पुसट दिसायला लागलं, तेव्हा बाबांनी दुसरा दिला, आणि ऑगस्टमध्ये तिसरा. या वर्षात तीन चष्मे. तुझेही चारपाच झाले होते ना? घराण्याचे डोळेच कच्चे असणार.

परवा रस्त्यात पडले, त्यात तिसऱ्याची काडी मोडली. कोपर जरा खरचटलं. बाबांनी काडी बदलून दिली. मोडकी काडी मात्र बराच वेळ उलटसुलट करून बघत होते.

तुझं काय? आई एकदा आत्याशी बोलताना म्हणाली की तू रोपवाटिकेत काम करतेस. तू, जिने घरातली एकुलती एक तुळस वाळवून दाखवली होती!

उत्तर नाही दिलंस तरी चालेल. म्हणजे चालणार नाही, पण मी काय करणार.

तुझी,
ढापणी नंबर दोन

३० सप्टेंबर

ताई,

अठरा दिवस झाले. पत्र पोचलं नसेल असं मी धरून चालले आहे. पोचलं आणि तू फाडलं असं धरलं तर हे दुसरं लिहिता येणार नाही.

मागच्या पत्रात मी "अगदी मजेत" लिहिलं होतं. त्यातलं "अगदी" काढून टाक. "मजेत"ही काढलंस तर हरकत नाही.

मी अकरा दिवस शाळेत गेलेले नाही. घरून वेळेवर निघते, डबा घेते आणि सार्वजनिक वाचनालयात जाऊन लहान मुलांच्या खोलीत बसते. तिथे सकाळी कोणी नसतं. बुटक्या खुर्च्या आहेत, गुडघे हनुवटीला लागतात. वाचनालयातल्या बाईंना वाटतं मी अभ्यास करते. काल त्यांनी माझ्यासाठी खिडकी उघडली आणि म्हणाल्या, "किती गं मन लावून वाचतेस!" माझ्यासमोर पुस्तक उलटं होतं, ताई. उलटं म्हणजे खरोखर उलटं.

वर्गात काय होतं ते सांगते. बाई फळ्यावर लिहीत असतात आणि अचानक अक्षरं लांब जातात. आवाज येतो, पण बादलीत डोकं घातल्यावर येतो तसा. हात गार पडतात. छातीत एवढं धडधडतं की शेजारणीला ऐकू जाईल असं वाटतं. मग मी "बाई, जाऊ?" म्हणते आणि तिसऱ्या संडासात कडी लावून भिंतीवरच्या फरशा मोजते. आडव्या चौदा, उभ्या एकवीस. ज्या दिवशी असं होत नाही त्या दिवशी नुसतं अंगावर ओलं पांघरूण घेतल्यासारखं असतं. उठावंसं वाटत नाही, केस विंचरावेसे वाटत नाहीत, आणि आई म्हणते, "लोळत पडायला बरं सुचतं हिला."

म्हणून जानेवारीत मी बाबांना फळा पुसट दिसतो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? आपल्या घरात दुखण्याला काहीतरी नंबर असावा लागतो.

आणि आता खरी गोष्ट. मी तक्ता मुद्दाम चुकीचा वाचला. क प र ग, न ल ट द! तो तक्ता आपण दोघी दुकानाच्या पायरीवर टाळ्या वाजवून म्हणायचो, बाबा ओरडेपर्यंत. मला तो झोपेतसुद्धा येतो. तरी मी खालच्या दोन ओळी चुकवल्या. पण मजा अशी की चष्मा आला आणि सगळं स्वच्छ दिसलं. चार दिवस इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! मला वाटलं, म्हणजे मी खोटं बोलत नव्हतेच. डोळेच खराब होते. मला काहीतरी खरंखुरं झालेलं होतं आणि ते काचेने बरं होणार होतं.

मग हळूहळू पुन्हा तेच. मग दुसरा चष्मा. पुन्हा चार दिवस.

आता चौथा मागायची लाज वाटते. तू काय करायचीस?

ढापणी

१७ ऑक्टोबर

ताई,

तुझं पत्र मिळालं. दोन ओळींना पत्र म्हणत असतील तर. तरी मी ते इतक्या वेळा वाचलंय की तक्त्यासारखं पाठ झालंय: "शाळेचं नंतर बघू. आधी तुझा चष्मा बाबांच्या यंत्रावर ठेवून बघ, आणि पडलीस कशी ते नीट लिही."

दुसऱ्या प्रश्नाचं नंतर.

गुरुवारी बाबा पार्सल आणायला गेले. मला गल्ल्यावर बसवून. काचेचा नंबर मोजायचं ते यंत्र मी लहानपणापासून बघत आलेय, पण बाबांनी कधी हात लावू दिला नाही. मी तिसरा चष्मा ठेवला, खाली डोळा लावला, चाक फिरवलं. हिरव्या रेषा शून्यावर स्वच्छ दिसल्या. मला वाटलं मलाच येत नाहीये. समोरच्या खणातून एका आजोबांचा दुरुस्तीला आलेला चष्मा काढून ठेवला, तर बरोब्बर त्यांच्या पाकिटावरचा नंबर. पुन्हा माझा ठेवला, मग दुसरा, मग पहिला. सगळे शून्य.

साधी काच, ताई. खिडकीला असते तशी.

तेव्हा मला आठवलं की बाबांनी मला कधी नंबर सांगितलाच नव्हता. गिऱ्हाइकाला ते कागदावर लिहून देतात, वर दोनदा वाचून दाखवतात. मला फक्त म्हणाले होते, "घालून बघ." आणि त्यांच्याकडे ते दुसरं यंत्र आहे ना, ज्यात नुसतं डोकावलं की विचारल्याशिवाय नंबर कळतो? मला त्यात आधी डोकवायला लावलं होतं त्यांनी. मी कशी विसरले! मला वाटत होतं मी त्यांना फसवतेय.

आणि मग तुझा तो दिवस आठवला. मला तेरावं चालू होतं, दुकानाच्या आतल्या खोलीत गृहपाठ करत होते. दुकानात काहीतरी काचेवर आपटल्याचा आवाज आला आणि तू ओरडलीस, "तुम्हाला माहीत होतं!" बाबा काहीतरी हळू बोलले. दोन महिन्यांनी तू गेलीस. मला सांगितलं की शिकायला गेली.

तुझेही साधेच होते, हो ना?

मी खूप चिडले आहे. बाबांवर, आणि तुझ्यावरही. तुला माहीत होतं आणि तू मला त्याच दुकानात ठेवून गेलीस.

(सही नाही. राग आलाय.)

२५ ऑक्टोबर

ताई,

सहा पानांबद्दल आभार. राग थोडा गेला. सगळा नाही.

कॉलेजातल्या डोळे तपासणीच्या शिबिरात त्या परक्या माणसाने तुझा चष्मा हातात धरून हसत विचारलं, "फॅशन म्हणून घालतेस का?" हे वाचून मला त्याचं नाक चावावंसं वाटलं. आणि बाबा तुला म्हणाले, "डोळे चांगलेच आहेत तुझे," ते तू "म्हणजे तू सोंग करतेस" असं ऐकलंस. मीही तसंच ऐकलं असतं. ते नक्की काय म्हणत होते कोण जाणे. आपल्या बाबांना एक वाक्य पूर्ण करायला साधारण सात वर्षं लागतात.

तू डॉक्टरांकडे एकटी गेलीस, गोळ्या घेतल्यास, त्या समुपदेशन करणाऱ्या बाईंशी वर्षभर दर आठवड्याला बोललीस, हे मला काहीच माहीत नव्हतं. मला वाटायचं तू तिकडे मजेत झाडं वाढवत असशील. तू लिहिलंयस, "मी एकटी गेले. तू एकटी जाऊ नकोस." त्या ओळीवर मी रडले. वाचनालयातल्या बाईंनी पाणी आणून दिलं आणि विचारलं, "शेवट वाईट आहे का गं पुस्तकाचा?"

आता पडण्याबद्दल. तू तीनदा विचारलंयस.

मी पडले नाही. ऑगस्टपासून मी रस्ता ओलांडताना बघायचं सोडून दिलं होतं. मुद्दाम काही करत नव्हते, एवढं मी स्वतःला सांगायचे. फक्त बघायचं नाही. आलं काही तर येऊ दे. त्या दिवशी स्कूटर आली. हॉर्न मला ऐकू आला होता, ताई. चांगला दोनदा ऐकू आला. मी उभी राहिले. त्या माणसाने शेवटच्या क्षणी हँडल वळवलं, आरसा माझ्या चष्म्याला लागला, हँडल कोपराला घासून गेलं आणि तो घाबरून ओरडला, "चष्मा लावून पण दिसत नाही का गं तुला?"

मला हसूच आलं. मग घरी येऊन मी चपलांसकट पांघरुणात शिरले.

हे कोणालाच सांगितलेलं नाही. लिहिताना हात गार पडलेत, पण लिहिलं बघ.

तू म्हणतेस आजच्या आज घरात सांग. कोणाला? आई म्हणेल, "नसती थेरं." बाबा म्हणतील, "घालून बघ."

ढापणी

२८ ऑक्टोबर

ताई,

सांगितलं.

तुझी तार आली नसती तर आणखी आठवडा काढला असता. तार म्हणजे तो पोस्टकार्डाचा दणका. "सांगितलंस का? सांगितलंस का? सांगितलंस का?" पोस्टमनने आईच्या हातात दिलं. तिने अक्षर ओळखलं. कार्ड माझ्याकडे दिलं आणि म्हणाली, "जे काय सांगायचंय ते जेवायच्या आधी सांग. नंतर कोणाला घास जाणार नाही."

मी दुकानात गेले. संध्याकाळचं शेवटचं गिऱ्हाईक जात होतं. मी जाऊन खुर्चीत बसले. बाबांनी काही न विचारता तक्त्याचा दिवा लावला, फ्रेम उचलली आणि म्हणाले, "वाच."

मी वाचलं. वरपासून खालपर्यंत, चष्मा न लावता. शेवटची ती बारीक ओळ, जी कोणालाच वाचता येत नाही, तीही. आणि न थांबता पुढे म्हणाले, "बाबा, मला सगळं वाचता येतं. मला शाळेत जाता येत नाही. महिन्यापेक्षा जास्त झालं, गेले नाही. आणि मी पडले नव्हते."

मग स्कूटरचंही सांगितलं. तक्त्याकडे बघूनच सांगितलं, त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

बाबा माझ्या मागे उभे होते. फ्रेम त्यांच्या हातात होती. तिचा एकच स्क्रू ते घट्ट करत होते आणि पुन्हा सैल करत होते.

मी विचारलं, "साधी काच का दिलीत?"

ते म्हणाले, "पहिल्यांदा घातलास तेव्हा हसली होतीस."

"पण तुम्हाला माहीत होतं डोळे चांगले आहेत!"

"हो. म्हणजे दुसरं काहीतरी होतं. ते मला तपासता येत नाही." मग म्हणाले, "मला एवढंच येतं गं."

ताई, मी ठरवून गेले होते की भांडायचं. तू भांडलीस तसं काहीतरी आपटायचंसुद्धा ठरवलं होतं. पण ते तिथल्या गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले, आपण लहानपणी बसायचो त्या बुटक्या स्टुलावर, आणि चष्मा काढून शर्टाने पुसायला लागले. शर्टाने! ज्या माणसाने आयुष्यभर लोकांना सांगितलं की काच शर्टाने पुसू नका.

दुकान त्यांनी तसंच उघडं टाकलं आणि मला हाताला धरून घरी आणलं. सात घरं तर लांब आहे. पण दोनदा रस्ता ओलांडताना तेच दोन्हीकडे बघत होते.

जेवायला कोणी बसलं नाही. आईचं खरं ठरलं.

तुझी

१५ नोव्हेंबर

ताई,

तू म्हणालीस तशा डॉक्टरीणबाई मिळाल्या. शाळेतल्या बाईंनीच नाव दिलं. त्या म्हणे महिनाभर घरी निरोप पाठवत होत्या. ते निरोप एका मैत्रिणीकडून माझ्याच हातात यायचे, त्यामुळे कुठे गेले ते विचारू नकोस.

बाबांनी सकाळी दुकान बंद ठेवलं. तापात कधी ठेवलं नव्हतं. इस्त्रीचा शर्ट घातला. आईला कारखान्यातून सुट्टी मिळाली नाही, ती सुपरवायझरशी भांडून दुपारी थेट तिथेच आली, दोरे अंगाला चिकटलेले.

दवाखान्यात बाबांचं सगळं लक्ष डॉक्टरीणबाईंच्या चष्म्याकडे. एक बाजू वर, एक खाली. मला दिसत होतं की त्यांना ते सहन होत नाहीये.

बाईंनी मला विचारलं, "हे कधीपासून आहे?" मला सांगता येईना. वर्षभर? कायम? मी म्हणाले, "जानेवारी असेल." तर बाबांनी शर्टाच्या खिशातून कार्ड काढलं. आपल्या दुकानातलं, गिऱ्हाइकांची नोंद ठेवतात तसलं पिवळं. वर माझं नाव. आणि वाचायला लागले, गिऱ्हाइकाला नंबर वाचून दाखवतात त्याच आवाजात.

"दहा जानेवारी. तक्रार, फळा पुसट. यंत्रावर शून्य. तक्ता पाठ असून दोन ओळी चुकीच्या वाचल्या. चार मार्च. जेवताना बोलत नाही. दोन मे. केस नऊ दिवस धुतलेले नाहीत. एकोणीस जून. आज आईच्या बोलण्यावर हसली. सहा ऑगस्ट. मैत्रीण घरी आली, ही झोपल्याचं सोंग घेऊन पडून राहिली. दहा सप्टेंबर. पडले म्हणते. काडी बिजागरीत मोडलेली नाही, बाजूने धक्का बसून मोडली आहे. पडून अशी मोडत नाही."

आई त्यांच्याकडे बघतच राहिली. मीही. प्रत्येक तारखेच्या पुढे 'उपाय' असा रकाना असतो. पहिल्या ओळीत 'साधी काच' लिहिलेलं, पुढे सगळे कोरे.

आणि मला वाटलं होतं तसं रडू आलं नाही, भयंकर राग आला. मी डॉक्टरीणबाईंच्या समोरच म्हणाले, "लिहीत काय बसलात? विचारायचं होतं ना मला!"

बाबा कार्डाकडे बघत म्हणाले, "विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस. आणि मग मला काहीच करता आलं नसतं तर?"

डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "आता आपण चौघं मिळून करू. पण विचारणं तुमच्याकडे." आणि कार्डाची एक प्रत मागून घेतली. म्हणाल्या, इतकी नीट माहिती त्यांना सहसा मिळत नाही.

निघताना बाबांना राहवलं नाही. "बाई, तेवढा चष्मा द्या इकडे." खिशातला बारका स्क्रू ड्रायव्हर काढून दोन मिनिटांत सरळ करून दिला. तेव्हा कुठे त्यांचा चेहरा माणसात आला.

ढापणी

६ डिसेंबर

ताई,

तू विचारतेस बरी आहेस का. खरं सांगू? काही दिवस. गोळ्यांनी पहिले दोन आठवडे तोंड सारखं कोरडं पडायचं. दर मंगळवारी डॉक्टरीणबाईंकडे जाते. शाळेत आठवड्यातून तीन दिवस, मधल्या सुट्टीपर्यंत. तिसऱ्या संडासातल्या फरशा अजून चौदा-एकवीसच आहेत, मी काल जाऊन खात्री केली. पण मैत्रीण दाराबाहेर उभी होती आणि सारखी विचारत होती, "झाल्या का मोजून?" कारण तिला मी सांगितलंय.

आई "नसती थेरं" म्हणाली नाही. ती रोज संध्याकाळी माझे केस विंचरते, जरा जोरातच.

बाबा रोज सकाळी चहा पिताना मला विचारतात, "आज बरं, की काल बरं?" त्यांना दुसऱ्या तऱ्हेने विचारताच येत नाही. मी कधी म्हणते आज, कधी म्हणते काल. परवा मी म्हणाले, "दोन्ही सारखंच पुसट." त्यांनी मान हलवली आणि मला दुकानात स्क्रू निवडायला बसवलं. बरं वाटलं असं नाही म्हणणार, पण दुपार गेली.

रस्ता बघून ओलांडते. दोन्हीकडे.

आता हे पत्र का लिहितेय ते. माझं कार्ड मागून घेताना मी विचारलं होतं, "ताईचं पण आहे का?" बाबा गल्ला मोजायला लागले. काल त्यांनी खणाच्या अगदी तळातून काढून माझ्यासमोर ठेवलं आणि काच घासायला आत निघून गेले.

सोबत पाठवते आहे. तू स्वतःच वाच, मी इथे उतरवणार नव्हते. पण तू पाकीट न उघडताच ठेवून देशील या भीतीने थोडं उतरवते. तुझं कार्ड दोन्ही बाजूंनी भरलंय. तू पंधरा वर्षांची असतानापासूनचं. "सकाळी उठवत नाही." "आज धाकटीला तक्ता शिकवत होती, हसत होती." "चष्मा घातल्यावर बरं वाटतं म्हणाली. खोटं आहे हे तिला कळलं तर?" मग तो दिवस: "कळलं. मला नीट बोलता आलं नाही." आणि त्याच्याखाली, गिऱ्हाइकांना वर्षातून एकदा पुन्हा तपासायला बोलवायची तारीख घालतात ना, तशी दर वर्षी वीस डिसेंबर. पुढे तीनदा तेच: "आली नाही." "आली नाही." "आली नाही."

उपायाचा रकाना सगळीकडे कोरा आहे.

मी तुला ये म्हणणार नाही. तुला कसं वाटतं ते मला आता माहीत आहे, आणि बाबांनी एक कार्ड भरलं म्हणून सगळं फिटत नाही, हेही माहीत आहे. माझंही फिटलेलं नाही. पण या वर्षीचीही वीस डिसेंबर त्यांनी आधीच घालून ठेवली आहे आणि तिच्यापुढे अजून काही लिहिलेलं नाही.

कार्ड मी चोरून पाठवत नाहीये. आज सकाळी बाबांना विचारलं, "हे ताईला पाठवू?" ते एका फ्रेमचं नाकाडं वाकवत बसले. मग म्हणाले, "पाठव." मी पाकिटाला डिंक लावत होते तेव्हा पुन्हा आतून आले आणि म्हणाले, "पण तिला लिही, ते कार्ड दुकानाचं आहे. परत लागेल. पोस्टाने नको, गहाळ होतं."

तुझी,
धाकटी